घरी टायर बदलला, नवी ट्यूब टाकली, तरी सकाळी चाक बसलेलंच

संध्याकाळी टायर बदलला, हवा भरली, अंगठ्यानं दाबून पाहिलं तर चाक दगडासारखं टणक. गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारली, सगळं ठीक. सकाळी कामावर निघायला गाडी बाहेर काढावी तर मागचं चाक बसलेलं. पुन्हा चाक उतरवा, ट्यूब काढा, नवीन आणा, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच.

माझ्या स्प्लेंडरच्या मागच्या चाकानं एका पावसाळ्यात चार ट्यूबा खाल्ल्या. आमचं घर चिपळूणपासून बरंच आत, पंक्चरचं दुकान लांब, आणि पावसात एसटीचाही भरवसा नाही. त्यामुळे टायर बदलायला मी घरीच शिकलो. पहिली ट्यूब गेली तेव्हा वाटलं, माल खराब निघाला. दुसरी दुसऱ्या कंपनीची आणली. तिसरी गेल्यावर ज्याच्याकडून आणली त्या दुकानदाराला नाही नाही ते बोललो. चौथ्या वेळी मात्र चारही ट्यूबा पडवीत शेजारी शेजारी मांडल्या आणि भोकं नीट पाहिली. दोन ट्यूबा माझ्या टॉमीनं, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीनं, कापल्या होत्या, एक रिमच्या गंजानं खाल्ली होती आणि एक व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली होती. एकीचाही माल खराब नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या दुकानदाराकडे जाऊन माफी मागितली.

पुढचं सगळं स्पोकच्या रिमसाठी आणि ट्यूबवाल्या टायरसाठी आहे: स्प्लेंडर, जुनी प्लॅटिना, बुलेट, अशा गाड्या. अलॉय व्हीलवर ट्यूबलेस टायर असेल तर तो घरी उतरवू नका असंच मी सांगेन. त्याची कड रिमवर फार घट्ट बसलेली असते, टॉमीनं अलॉयला खाच पडली तर तिथून कायमची हवा जाते, आणि नवा टायर बसवताना हवेचा एकदम जोराचा झोत लागतो, तो पायपंपानं मिळत नाही.

चाक उघडण्याआधी थुंकी लावून पाहा

हवा उतरली की हात थेट पान्याकडे जातो. आधी व्हॉल्व्ह पाहा. टोपी काढा, हवा भरा, व्हॉल्व्हच्या तोंडावर बोटानं थुंकी किंवा साबणाचं पाणी लावा. बुडबुडा फुगत असेल तर व्हॉल्व्हच्या आतली पिन सैल आहे नाहीतर तिच्या रबरात माती अडकली आहे. पिन आवळा किंवा बदला. पाच मिनिटांचं काम आहे, टायरला हात लावायची गरज नाही. आणि टोपी रोज लावत चला. आमच्याकडच्या लाल चिखलात टोपी नसलेला व्हॉल्व्ह आठवड्यात भरतो.

बुडबुडा व्हॉल्व्हच्या तोंडाशी न येता रिमच्या भोकातून, व्हॉल्व्हच्या बुंध्याजवळून येत असेल, तर गळती आत आहे. मग चाक उतरवावंच लागेल.

भोक कुठे आहे ते आधी ठरवा, मगच नवी ट्यूब आणा

माझा सगळ्यात जास्त आग्रह या एका गोष्टीचा आहे. ट्यूब बाहेर काढण्याआधी टायरवर व्हॉल्व्हच्या समोर खडूनं खूण करा आणि डावी बाजू कुठली तेही लिहा. ट्यूब काढताना उलटीसुलटी होऊ देऊ नका. मग तिच्यात हवा भरून बादलीत बुडवा, बुडबुडे येतील तिथे खूण करा आणि ट्यूब पुन्हा टायरवर, व्हॉल्व्ह खडूच्या खुणेसमोर येईल अशी ठेवा. आता ट्यूबचं भोक टायरच्या किंवा रिमच्या नेमक्या कुठल्या जागेशी जुळतं ते दिसतं. ही खूण न करता ट्यूब ओढून काढली की पुरावाच गेला.

भोक बाहेरच्या बाजूला, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला असेल तर काटा, खिळा किंवा तार. टायरच्या त्याच जागी आतून चिंधी फिरवा. नुसतं बोट फिरवू नका, कापेल. चिंधी अडकते तिथे टोक असतं. माझा मेहुणा बार्शीकडे राहतो. तिथे बाभळीचा काटा टायरात असा मोडून राहतो की बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. वजन पडलं की टोक आत येतं, चाक उचललं की मागे सरतं. त्यानं त्याच जागी तीन वेळा पंक्चर काढलं होतं. काटा पकडीनं बाहेरून ओढून निघत नसेल तर आतून दाभणानं बाहेर ढकलावा.

भोक आतल्या बाजूला, रिमकडे असेल तर दोष रिमचा. स्पोकचं टोक, गंज किंवा फाटलेली रिम टेप (स्पोकची टोकं ट्यूबला लागू नयेत म्हणून रिमच्या आत बसवायची पट्टी), यांपैकी काहीतरी. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण कोकणात हे फार होतं.

एकमेकांशेजारी दोन बारीक काप, किंवा एकच सरळ चिरल्यासारखा काप, तोही ट्यूबच्या कुशीला: ही टॉमीची करामत. ट्यूब टॉमी आणि रिम यांच्यामध्ये सापडली. असाच जोडकाप आणखी एका कारणानं होतो, कमी हवेवर खड्ड्यात आपटल्यानं. दोन्हींत फरक ओळखायचा तर दिवस मोजा. टायर बदलल्यापासून एक-दोन दिवसांत झालं तर बहुतेक वेळा टॉमी. महिनाभर नीट चालून अचानक झालं तर खड्डा आणि कमी हवा.

व्हॉल्व्ह जिथे ट्यूबला चिकटवलेला असतो तिथेच फाटली असेल तर टायर रिमवर सरकतोय. ब्रेक मारताना आणि गाडी उचलताना टायर रिमवर थोडा थोडा घसरतो, सोबत ट्यूब ओढली जाते, व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला, मग तो मुळातून उपटतो. हवा कमी ठेवणं हे पहिलं कारण. टायर चढवताना कडेला ऑइल किंवा ग्रीस लावलं असेल तर ते दुसरं. ही ट्यूब पॅच लावून वाचत नाही.

आणि घडी पडलेल्या रेषेवर, पातळ झालेल्या रबरावर चीर असेल तर ट्यूब जुनी होती. ट्यूब वापरता वापरता फुगून मोठी होते. ती नव्या टायरात टाकली की घडी पडते, आणि घडी चालता चालता चिरते. नवा टायर घेताना ट्यूब आणि रिम टेपही नवी घ्या. टायरला एवढे पैसे दिल्यावर ट्यूबपाशी हात आखडू नये. ट्यूबवर लिहिलेला आकारही टायरशी जुळवून पाहा, उदाहरणार्थ २.७५-१८. लहान ट्यूब ताणून मोठ्या टायरात भरली तर ती सगळीकडून पातळ होते, मग साधा काटाही लगेच भिडतो.

जोर लागला की थांबा

टॉमीनं ट्यूब का कापली जाते, याचं उत्तर मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं माझे हात जड आहेत, टॉमी हळू चालवली पाहिजे. मूळ गोष्ट वेगळीच आहे.

टायरच्या कडेत पोलादी तारेचा वेढा असतो. ही तार ताणली जात नाही. रबर कितीही मऊ करा, साबण कितीही लावा, तो वेढा तेवढाच राहणार. आणि रिमची धार त्या वेढ्यापेक्षा मोठी आहे, नाहीतर टायर चालत्या गाडीवरून निघून गेला असता. मग टायर रिमवरून उतरतो कसा आणि चढतो कसा?

रिम मधून कापून पाहिली तर दिसेल की तिच्या मधोमध एक पन्हळ आहे. टायरची कड जिथे बसते त्या जागेपेक्षा ही पन्हळ खोल असते, साधारण एक सेंटीमीटरच्या आसपास. कडेचा एक भाग त्या पन्हळीत उतरला की वेढा तेवढा त्या बाजूला सरकतो आणि बरोबर समोरच्या बाजूला तेवढीच ढील मिळते. त्या ढिलीवरच कड धारेवरून उतरते किंवा चढते. ढील असेल तर टॉमी दोन बोटांनी उचलता येते. ढील नसेल तर तुम्ही पोलादी तार ताणायचा प्रयत्न करत असता. मग टॉमीवर पाय देता, ती सटकते, नाहीतर आत खोल जाते आणि ट्यूबला चेपते.

म्हणून जोर लागतोय असं वाटलं की हातातल्या बाजूकडे पाहायचंच नाही. उठायचं, समोरच्या बाजूला जायचं, आणि कड पन्हळीतून वर आली असेल तर गुडघ्यानं दाबून पुन्हा आत बसवायची. हे कळल्यापासून माझ्याकडून एकही ट्यूब कापली गेली नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. व्हॉल्व्ह जिथे आहे तिथे पन्हळ ट्यूबच्या जाड बुंध्यानं भरलेली असते, तिथे कड खाली जात नाही. म्हणून ढील हवी ती व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला, आणि टॉमी लावायची व्हॉल्व्हच्या बाजूला. काढताना सुरुवात व्हॉल्व्हपाशी करा, बसवताना शेवट व्हॉल्व्हपाशी करा. मी आधी याच्या बरोबर उलट करत होतो.

चाक आणि टायर उतरवताना

चाक काढणं सोपं आहे. एक्सलचा नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करा, मग मेन स्टँडवर गाडी घेऊन समोरच्या चाकाला वीट लावा. ब्रेकच्या रॉडचा नट काढा. ब्रेक प्लेटला मागच्या चिमट्याशी (मागचं चाक ज्या दोन दांड्यांत बसतं त्यांच्याशी) बांधून ठेवणारी लोखंडी पट्टी असते, तिचा बोल्ट आणि स्प्लिट पिन (बोल्ट गळू नये म्हणून घातलेली दोन पायांची पिन) काढा. स्प्लेंडरला चेन उतरवावी लागत नाही: एक्सल ओढून काढला, बाजूचा बुश (एक्सलवरची लोखंडी नळी) काढला की चाक बाजूला सरकवून सुटतं, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) चेनसकट चिमट्यावरच राहतं. बुश कुठल्या बाजूचा, कसा होता, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या लायनरची धूळ छातीत जाऊ नये.

आता पिन काढून हवा पूर्ण सोडा. ट्यूबमध्ये थोडी जरी हवा राहिली तर कड पन्हळीत उतरत नाही. व्हॉल्व्हचा नट काढून व्हॉल्व्ह आत ढकला.

जुना टायर गंजलेल्या रिमला चिकटलेला असतो. चाक जुन्या टायरवर किंवा भरलेल्या पोत्यावर आडवं ठेवा म्हणजे हब, चाकाचा मधला गाभा, जमिनीला घासणार नाही. मग टाचेनं रिमच्या अगदी लगत टायर दाबत गोल फिरा. उन्हाळ्यात चाक अर्धा तास उन्हात ठेवलं तर रबर मऊ होतं. पावसाळ्यात ऊन कुठलं, तेव्हा मी गरम पाण्यात भिजवलेलं पोतं टायरभोवती गुंडाळून ठेवतो. तरीही कड सुटली नाही तर दोन लाकडी ठोकळे आणि सुताराचा क्लॅम्प घेऊन टायर दोन्हीकडून आवळा. हातोडा मारू नका. रिमला पोचा आला तर तो नव्या टायरलाही त्रास देतो.

टॉमी दोन हव्यात, तीन असतील तर उत्तम. टोक गोल आणि गुळगुळीत असावं. नखानं चाचपून पाहा, खरखर लागली तर पॉलिश पेपरनं घासा. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. पहिल्या दोन टॉम्यांमध्ये चार बोटांचं अंतर ठेवा आणि पुढेही एका वेळी तेवढाच घास घ्या. मोठा घास घेतला की टॉमी वाकते आणि ट्यूब चेपते. साबणाचं पाणी सढळ हातानं वापरा. ऑइल, ग्रीस, रॉकेल यांतलं काहीही नको, ही रबर खातात आणि टायर रिमवर सरकतो ते वेगळंच.

एक कड बाहेर आली की ट्यूब हातानं काढा. मग दुसरी कड त्याच बाजूनं.

रिम: कोकणातल्या गाड्यांचं खरं दुखणं

टायर निघाल्यावर बहुतेक जण लगेच नवा टायर उचलतात. इथे वेळ द्या, निदान अर्धा तास तरी.

पाऊस, खारी हवा आणि रस्त्यावर साचलेलं पाणी. व्हॉल्व्हच्या भोकातून आणि स्पोकच्या निपलांपाशी (स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांपाशी) हे पाणी रिमच्या आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. क्रोमची रिम बाहेरून चकाकते, आत मात्र गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात. रिम टेप भिजून भिजून चिंधी होते. मग एखाद्या निपलाचं डोकं किंवा गंजाचा पापुद्रा ट्यूबला रोज थोडं थोडं घासतो. भोक एवढं बारीक पडतं की हवा रात्रभरात उतरते, पंक्चरवाल्याला बादलीत कसाबसा एक बुडबुडा दिसतो. पॅच लावला, दोन आठवडे गेले, त्याच्याच शेजारी दुसरं भोक. माझ्या चौथ्या ट्यूबची कथा हीच होती, तिला रिमच्या बाजूनं आधीच दोन पॅच होते.

रिम टेप कापून फेका. तारेच्या ब्रशनं आतली पूर्ण पन्हळ आणि दोन्ही कडा घासा, मग पॉलिश पेपर, मग कोरड्या फडक्यानं पुसा. प्रत्येक निपल अंगठ्याच्या पोटानं चाचपा. स्पोकचं टोक निपलाच्या वर आलं असेल तर कानशीनं घासून खाली बसवा. चाकात नवे स्पोक टाकले असतील तर हे नक्की पाहा, लांब स्पोक पडला की टोक वर येतं. स्पोक एकेक करून पान्यानं हलके वाजवा. बाकीच्यांपेक्षा भद्द आवाज देणारा ढिला असतो. घासलेल्या जागेला रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंजरोधक लाल रंगाचा, पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या, मी तर रात्रभर ठेवतो. गंजानं रिमला खड्डे पडले असतील, किंवा टोकदार काहीतरी टोचलं तर आरपार जाईल असं वाटत असेल, तर त्या रिमवर नवा टायर चढवू नका. रिम बदला.

नवी रिम टेप बसवताना तिचं भोक व्हॉल्व्हच्या भोकावर नीट जुळवा आणि सगळे निपल झाकले गेले का ते पाहा. टेपऐवजी वायरमनची काळी चिकटपट्टी लावायची पद्धत आमच्याकडे आहे. उन्हात तिचा डिंक वितळतो, पट्टी सरकून एका बाजूला गोळा होते आणि निपल पुन्हा उघडे पडतात.

चाक हातात आहे तोवर बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवून पाहा. खरखर लागली किंवा अडकत फिरलं तर आत्ताच बदला, डॅम्पर रबर (हब आणि स्प्रॉकेटच्या मधलं धक्के झेलणारं रबर) झिजलं असेल तर तेही.

नवा टायर विकत घेताना आणि चढवताना

टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला टायर स्वस्तात मिळतो, पण त्याचं रबर कडक झालेलं असतं. चढवतानाही त्रास आणि ओल्या डांबरावर पकडही कमी. मी वर्षाच्या आतला मागतो. जुना कधी टाकायचा याचं उत्तरही टायरवरच असतं. खाचांच्या तळाशी जागोजाग छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की संपला. दुचाकीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत खाचेची किमान खोली ०.८ मिलीमीटर सांगितली आहे. कोकणातल्या पावसात मी त्याआधीच बदलतो. घाटात, वळणावर, पाण्याच्या थरावरून गोटा झालेल्या टायरनं जाणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

बाजूला बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेनं हवा. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी ठेवा, तो टायरची हलकी बाजू दाखवतो. पहिली कड साबण लावून हातानंच जवळजवळ पूर्ण चढते.

आता ट्यूब. तिला आधी हवा भरून बादलीत बुडवून पाहा. क्वचित नवीच गळकी निघते, आणि ते आत्ता कळलेलं बरं. मग तिच्यात जेमतेम आकार धरेल एवढीच हवा ठेवा. अगदी रिकामी ट्यूब चपटी होऊन टॉमीखाली जाते, जास्त भरली तर कड पन्हळीत उतरत नाही. हातात धरली तर गोल राहावी, पण दाबली तर सहज चेपावी. तिला शंखजिऱ्याची पावडर लावा, लहान बाळाला लावतात तीही चालेल. ट्यूब टायरात घाला, व्हॉल्व्ह भोकातून बाहेर काढा आणि नट टोकाला फक्त दोन आटे फिरवून ठेवा. ट्यूबला कुठे पीळ पडला नाही ना, हे बोटांनी पूर्ण गोल फिरून पाहा.

दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरून चढवायला सुरुवात करा. तिथली कड गुडघ्यानं पन्हळीत दाबून धरा आणि दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी व्हॉल्व्हकडे सरकत या. अर्ध्याहून जास्त कड टॉमीशिवाय जायला हवी. शेवटचा वीतभर भाग उरला की टॉमी घ्या, छोटे घास घ्या. टॉमी सरळ उभी होईपर्यंतच फिरवा. त्यापलीकडे वाकवली की तिचं टोक आत ट्यूबला भिडतं. शेवटचा घास घेण्याआधी व्हॉल्व्ह अंगठ्यानं आत ढकला, म्हणजे त्याच्या बुंध्याजवळची ट्यूब वर उचलली जाते आणि कडेखाली सापडत नाही. कड टपकन आत गेली की व्हॉल्व्ह पुन्हा बाहेर ओढा.

मग हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी कड अंगठ्यांनी मागे ओढत पूर्ण गोल पाहा. रिम आणि कडेच्या मध्ये काळ्या ट्यूबची किनार कुठेही दिसता कामा नये. दिसली तर तिथे टायर दाबून ट्यूब आत ढकला.

हवा दोनदा भरा

पायपंपानं हवा भरत जा. टायरच्या बाजूला, रिमच्या लगत, एक बारीक उठलेली रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंनी. एके ठिकाणी रेघ रिमखाली लपत असेल तर कड तिथे बसलेली नाही, आणि गाडी चाळीसच्या पुढे गेली की मागून उसळल्यासारखी चालेल. हवा सोडा, त्या जागी पुन्हा साबणपाणी लावा, टायर आपटा, पुन्हा भरा. कड बसवायला नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा लागते, पण टायरच्या बाजूला लिहिलेल्या कमाल दाबापुढे जाऊ नका.

रेघ जुळली की पिन काढून सगळी हवा सोडून द्या आणि पुन्हा भरा. पहिल्यांदा हवा भरताना ट्यूब काही ठिकाणी टायरला चिकटून ताणली जाते, काही ठिकाणी घडी राहते. हवा सोडली की ती सैल होऊन नीट पसरते. पंक्चरवाला घाईत असतो, हे करत नाही. घरी करायला आपल्याला कोण अडवतंय?

शेवटी चेनगार्डवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेला दाब ठेवा, मागे कुणी बसणार असेल तर त्याचा आकडा वेगळा असतो. व्हॉल्व्हचा नट रिमला आवळू नका. तो वर टोपीजवळ ठेवा. उद्या टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसेल आणि तुम्हाला आधीच कळेल. नट आवळलेला असेल तर तो सरळच दिसत राहतो आणि आतून मुळातून फाटतो. माझी तिसरी ट्यूब अशीच गेली.

चाक परत लावताना

इथे ट्यूबचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. ब्रेक प्लेटची ती लोखंडी पट्टी लावायची राहिली, किंवा तिचा बोल्ट गळून पडला, तर ब्रेक मारताच पूर्ण प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड गुंडाळला जातो आणि मागचं चाक जागच्या जागी अडकतं. बोल्ट लावा, आवळा, आणि स्प्लिट पिन नवीन घालून तिचे पाय वाकवा. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरू नका, ती मोडते.

चेनच्या दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा आणि चेनची ढील चाक फिरवत सगळ्यात ताठ जागी मोजा; बहुतेक शंभर सीसीच्या गाड्यांना दोन ते तीन सेंटीमीटर चालते. एक्सलचा नट आवळल्यावर ढील पुन्हा मोजा, कारण आवळताना ती बदलते. ब्रेकचा नट लावा, पेडल दाबा, चाक हातानं फिरवून ते मोकळं फिरतं आणि ब्रेकवर लगेच थांबतं याची खात्री करा. मग गाडी स्टँडवरून उतरवून हळू चालवा आणि अंगणातच दोनदा ब्रेक मारा.

नव्या टायरला कारखान्यातला गुळगुळीतपणा असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी जास्त वाकवू नका, पावसात तर मुळीच नको.

आणि जुना टायर शेकोटीत टाकू नका, तो धूर फार वाईट. आमच्याकडे विहिरीच्या काठाला, गोठ्याच्या दारात किंवा पडवीतल्या झोपाळ्याला टायर लागतोच कुणाला ना कुणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेजनं हवा मोजा आणि आकडा लिहून ठेवा. आठवड्यानं पुन्हा मोजा. एक-दोन पीएसआय कमी झाली तर काळजी नको. त्याहून जास्त उतरली तर ट्यूब बाहेर ओढण्याआधी टायरवर खडूची खूण करा, आणि चाक पुन्हा त्याच पोत्यावर घ्या.